कल्पिताच्या मिरवणुकीचा क्लच

जगनचं गॅरेज, वागळे इस्टेट, ठाणे
गुरुवार, जेवण राहून गेलेली दुपार

कोपरचे आमचे मोठे मेहुणे गुणाजी भावोजी यांना धाकट्या सुदेशचा वाकून नमस्कार.

तुमची शुगर ताब्यात असेल अशी आशा आहे, आणि घरात मुलीचं लग्न असल्यामुळे ती नसणार हेही माहीत आहे. मालनताईची कंबर मंडपवाल्याशी भांडून मोकळी झाली असेल. इकडे मी बरा आहे, निशा बरी आहे आणि माझ्यावर रागावलेली आहे, गाडी बरी नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन उचलल्यावर तुमचं पहिलं काम म्हणजे स्पीकर लावणं, आणि मग मी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाला ताई स्वयंपाकघरातून उत्तर देते. हे पत्र स्पीकरवर लावता येणार नाही. जमल्यास ओट्यापासून लांब बसून वाचा.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र मधेच ठेवून आचाऱ्याकडे जाल. रविवारी सकाळी कल्पिताला घरून गावदेवीच्या देवळात न्यायचं आहे, आपल्या रिवाजाप्रमाणे मामाच्या गाडीतून, आणि मामाची गाडी या क्षणी हवेत उचललेली आहे. तिचा गिअरबॉक्स खाली जमिनीवर आहे, त्याच्या शेजारी जळलेली क्लचप्लेट आहे आणि प्लेटीच्या शेजारी मी आहे. (आमच्यात जास्त कोण झिजलंय यावर जगनने अजून मत दिलेलं नाही.) नवा क्लच कुठला टाकायचा हे आज ठरलं नाही तर रविवारी गाडी निघणार नाही, आणि मग नवरदेवाकडची ती काळी, उंच, क्लचच नसलेली ऑटोमॅटिक गाडी तुमच्या दारात येऊन उभी राहील. त्यांनी निरोप पाठवलाच आहे, 'आमची गाडी रिकामीच आहे, संकोच करू नका.' हा संकोच मला कालपासून टोचतोय. भाचीला तिच्या सासरची गाडी देवीला नेणार आणि मामा मागून शेअर रिक्षाने येणार. वर आपल्या आळीतले लोक रिक्षा थांबवून विचारणार, सुदेश, गाडी विकलीस काय रं?

तुम्ही उभा जन्म पालिकेची बस चालवलीत, त्यामुळे तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. क्लच जळत नसतो, तो जाळला जातो. मान्य. पण गुन्हा माझ्या एकट्या डाव्या पायाचा नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्याचा डावा पाय पेडलवरून उठून जाणार तरी कुठे? आमच्या टॉवरच्या गेटातून निघालेला माणूस कापूरबावडीला पोचेपर्यंत पेपर वाचून संपवतो, शेजारच्या गाडीतल्या माणसाच्या मुलाचं ॲडमिशन कुठे झालं ते त्याला कळतं. तेवढं क्लचने सोसलं असतं. खरा घात आपल्या कोपर गावाने केला.

ही गाडी नवी असताना मी तिच्यातून आपल्या चुलत घरच्या मुलीला देवीला नेलं आणि तिला वर्षाच्या आत जुळं झालं. तेव्हापासून गाडीला गुण आहे असं आळीने ठरवून टाकलं. ज्या नवरीच्या मामाकडे गाडी नाही, किंवा मामा परगावी आहे, किंवा मामाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे (आपल्याकडे हा शेवटचा प्रकार जास्त), तिच्या घरून मला बोलावणं येतं. निम्म्या आळीच्या लेकींचा मी मानलेला मामा आहे. आता तुमच्या घरापासून देऊळ ते केवढं लांब, माणूस चालत निघाला तर तोंडातलं पान संपायच्या आत पोचतो. पण मिरवणुकीला सकाळची दुपार होते, कारण पुढे वाजवणारा बेंजोचा ताफा प्रत्येक दारात थांबतो, आणि नीट थांबतही नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, मग जागच्या जागी, मग कोणाच्या तरी काकाने नोट काढली की पुन्हा मागे. गाडीने या सगळ्यात तालात राहायचं. पुढे नाचणाऱ्यांच्या टाचेला बंपर लागायला नको आणि मागून येणाऱ्या बायकांना गाडी नवरीला घेऊन पळतेय असं वाटायला नको. म्हणजे अख्खी मिरवणूक अर्ध्या क्लचवर, पाय पेडलवरून न उचलता.

मे महिन्यात शेजारच्या वर्षालीला नेत होतो तेव्हा मासळी बाजारापाशी जळका वास सुटला. मला कळलं काय ते, पण मागच्या बायकांना वाटलं मंडपात मटण खाली लागलं. चारपाच जणी लुगडी सावरत उलट्या धावल्या आणि आचाऱ्याला असं काही बोलल्या की तो डोक्याचा रुमाल फेकून घरी निघाला. (बिचाऱ्याने तोवर कांदासुद्धा टाकला नव्हता.) इकडे गाडीने पुढे जायचंच सोडलं. मी ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुरगुरायचं आणि चाकं ढिम्म. बेंजोवाल्यांना वाटलं मामा रंगात आला. त्यांनी ताल वाढवला, पोरं माझ्या इंजिनावर नाचायला लागली, 'मामा, अजून एकदा', आणि मी, दुसरं करणार काय, अजून एकदा दिलं. शेवटी पोरांनीच गाडी ढकलत देवळापर्यंत नेली. वर्षाली उतरताना म्हणाली, 'मामा, काय मऊ चालवता हो तुम्ही. आमचे बाबा नुसते झटके देतात.'

तेव्हापासून मी चढ टाळून दिवस काढत होतो. (माजिवड्याचा पूल नको म्हणून खालून वळसा घालत होतो. निशाला सांगितलं होतं, खालून मोकळा असतो. त्या रस्त्याबद्दल असं कोणीच कधी बोललेलं नसल्यामुळे तिला तेव्हाच संशय आला.) काल मात्र पुलावर चढावंच लागलं आणि गाडीने अर्ध्या चढावर हात टेकले.

तर आता निवड. क्लच म्हणजे क्लच, असं मलाही कालपर्यंत वाटायचं. आपलं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलंय. कंपनीचा अस्सल सेट मागवता येतो, पण येणार कधी हे विचारलं की काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघून 'वाटेत आहे सर' म्हणते आणि वाट कुठली ते सांगत नाही. दुसरा, बाहेरच्या कंपनीचा साधा सेट. तो कल्याणच्या दुकानात आज हजर आहे, पेडल लोण्यासारखं, गाडी अलगद उचलतो, पण अर्ध्यावर फार वेळ धरला की तापणार आणि पुन्हा मटण लागणार. तिसरा, टेम्पोवाले टाकतात तो दणकट. तो सहजासहजी जळत नाही, पण पेडल दाबायला तालमीतला पाय लागतो आणि सोडताना झटका बसतो. मोकळ्या रस्त्यावर ते चालून जाईल, पण बेंजोच्या मागे पावलापावलाला झटका म्हणजे कल्पिताच्या मुंडावळ्या अक्षता पडायच्या आधीच हलणार. चौथा, जुन्या प्लेटीलाच नवं अस्तर लावून घ्यायचं. मागच्या गल्लीत लावून देतात. निशा म्हणाली, 'तेच करा, तुमच्या घरच्यांना तेच शोभेल.' (घरच्यांमध्ये तुम्ही येत नाही भावोजी, तिने तसं नंतर स्पष्ट केलं.) चौथा मी सोडून दिला, पहिला वाटेत आहे, उरला प्रश्न एवढाच, की रविवारी झटका हवा की वास.

जगनचा सल्ला घ्यावा म्हटलं. जगन बाळकूमचा. बापाची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि गॅरेज तो हौस म्हणून चालवतो, त्यामुळे त्याला कसलीच घाई नसते. सकाळी मी म्हटलं, साधा टाकू.

'जड टाक,' तो म्हणाला. 'लोखंड हाय, मरणार नाय.'

'आणि झटके?'

'नवरी हाय, थोडी हलणारच ना.'

चहा पिऊन मी मनाची तयारी केली आणि म्हटलं, बरं, जड टाक. तर म्हणतो, 'वेडा झालास काय? भाचीला नेतोस, विटा नाय.' तिथे थांबलेल्या गिऱ्हाइकांमध्ये यावरून दोन तट पडले. एक रिक्षावाला जडाच्या बाजूने इतका बोलला की त्याची रिक्षा तयार होऊनही तो जाईना. एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले, गाडी विका. ते कुठल्याच तटात नव्हते, ते फक्त हवा भरायला आले होते. मी खुर्ची बदलली, पुन्हा पहिल्या खुर्चीत आलो, गेटापर्यंत गेलो, परत आलो. बसल्याबसल्या माझा डावा पाय आपोआप वरखाली होतो असं जगनने सगळ्यांना दाखवलं. एवढ्यात निशाचा फोन. 'क्लच निवडताय की जावई? जावई ताईंनी एका चहात निवडला.' मी म्हटलं, जावई अर्ध्यावर दाबून चालवायचा नसतो. ती म्हणाली, 'ते तुम्हाला कसं माहीत?' आणि फोन ठेवला.

असो. जगन आता माणकोलीच्या पुलावरून कल्याणला निघालाय, वाटेत हे पत्र तुमच्या हातात देईल. दोन्ही सेट एकाच दुकानात आहेत, म्हणजे तो तिथे पोचेपर्यंत माझ्याकडे विचाराला वेळ आहे. किल्ली बोटावर फिरवत तो इथेच उभा आहे आणि 'पत्र लिवतंस का पोथी' म्हणून विचारतोय. ताईला नमस्कार, कल्पिताला आशीर्वाद, आणि नवरदेवाकडच्यांना कळवा की आम्हाला संकोच होत नाही.

तुमचा,
सुदेश

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कल्पिताचा फोन आला. म्हणते, 'मामा, मी गाडीत नाय बसणार. मी नाचणार, घरापासून देवळापर्यंत. तू पण नाचायचंस.' मी विचारलं, गाडीचं काय? 'येऊ दे ना मागून. मान हाय तिचा.' म्हणजे कालपासून मी ज्या मुंडावळ्यांसाठी झुरलो त्या गाडीच्या बाहेर हलणार आहेत. झटका बसला तर रिकाम्या सीटला बसेल. हे ऐकून मला स्वस्थ वाटायला हवं होतं. उलट मी उठून गॅरेजला दोन फेऱ्या मारल्या.

ता. क. दुसरा. जगनला साधा सेट आणायला सांगितलाय, मऊ पेडलचा. गाडी तुम्ही चालवा, भावोजी. मान मामाचा आहे हे मला माहीत आहे, आणि तो मामानेच दिला तर कोणी हरकत घेऊ शकत नाही. वर्षालीच्या मिरवणुकीत तिचे बाबा जनरेटरच्या गाडीमागे उभे होते. धूर डोळ्यांत गेला म्हणत होते, आणि जनरेटर तेव्हा बंद होता. मुलीच्या बापाला मिरवणुकीत उभं राहायला जागाच नसते. पुढे पोरं, मागे बायका, बाजूला मामा. गाडीत बसलात तर ती घरापासून देवळापर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर राहील, आणि तुम्ही काहीतरी काम करताय असं दिसेल.

ता. क. शेवटचा. ताईने विचारलं तर सांगा, सुदेशचा गुडघा दुखतोय म्हणून मी बसलो. (मी नाचताना दिसलो की दुसरं काहीतरी सांगा.) बेंजो रेंगाळला की न्यूट्रलला टाका आणि पाय काढून घ्या, हे तुम्हाला सांगायला नको, पण मला ते आजच पटलंय. आणि लोक बघतील म्हणून काळजी करू नका. नाचणारे सगळे गाडीकडे पाठ करून असतात. एवढ्या मिरवणुका मी चालवल्या, ड्रायव्हर रडतोय हे आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही.