टेबलावर काय टाकू?

कांजूरमार्ग, रविवार

प्रिय सुगंधा,

फोनवर सांगणार होतो हे. पण फोनवर तू "जेवलात काय? गोळी घेतलीत?" एवढं विचारतेस, आणि मी पुढचं बोलायला तोंड उघडतो तोवर "थांबा हां, वहिनी बोलतेय" म्हणून फोन जयंतीच्या हातात देऊन मोकळी होतेस. तिला काय टेबलाचं सांगत बसू? म्हणून कागद घेतला. अक्षर आहे तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. चष्मा लावून वाच.

आपल्या गच्चीत मी टेबल करतोय. लोखंडी सांगाडा उभा राहिला, रंगही मारून झाला. वरून काय टाकायचं ते मात्र ठरत नाहीये, आणि त्यापायी जीव नुसता वरखाली होतोय. बसलो की उठतो, उठलो की गच्चीत जातो, सांगाड्यावर हात फिरवून परत आत येतो. श्वेता म्हणते, "बाबा, बसा ना जरा, मला चक्कर येते तुम्हाला बघून." सून आहे म्हणून गोड शब्दांत सांगते. तू असतीस तर पाय बांधून ठेवला असतास.

टेबल तुझ्यासाठी आहे, हे तुला कळलंच असेल. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता जन्मात जमिनीवर बसायचं नाही. त्यांना काय, ते बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. तुझी विळी जमिनीवर, पाट जमिनीवर, कोकमाची सोलं वाळवायची ती जमिनीवर. तुझा सगळा संसारच जमिनीवर. त्यात आपल्या सुयोगने शहाणपणा केला, कोळणीकडूनच बांगडे कापून आणले. वर "आई, तू आता फक्त आराम कर" म्हणाला. प्रेमानेच म्हणाला गं तो. पण तुझा चेहरा मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. "माहेरी पाहुणी म्हणून बसवतील ते चालेल मला. माझ्याच घरात पाहुणी होऊन बसायला नाही जमणार," म्हणालीस आणि चार दिवसांसाठी म्हणून कुडाळला गेलीस. ते चार दिवस काही संपत नाहीत.

म्हणून हा खटाटोप. टेबलाला विळी पक्की बसवायची, तू खुर्चीवर बसून मासे कापायचे, नारळ खवायचा. पहिल्यांदा मी काय केलं, तर स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मोजली आणि तेवढेच पाय वेल्डरकडून करून आणले. वर विळी ठेवून खुर्चीत बसलो, तर पातं थेट हनुवटीसमोर! श्वेता किंचाळली, "बाबा, बांगडा कापताय की दाढी करताय?" मग पाय कापून आणले. आता विळी नेमकी हाताशी येते. पाय देऊन दाबायला नको, खालून शिकंजा लावलाय, ढिम्म हलत नाही. मी स्वतः एक नारळ खवून बघितला. करवंटीसकट खवला म्हण, पण विळी हलली नाही.

राहिलं वरचं. सुयोग म्हणतो, "काच टाका, झकास दिसेल." दिसेल, पण त्यावर सुरमई आपटली की वाट लागली. प्लाय पाण्याने कडेने फुगतो. सागवान चांगलं, पण मासळीचं पाणी त्यात मुरेल, दरवर्षी तेल पाजावं लागेल, आणि एवढं केलं तरी मांजरं ते चाटत बसतील. पत्रा नकोच, पावसात ताशासारखा वाजेल आणि शेजारचे भांडायला येतील. मला कडप्पा आवडत होता, गावच्या ओट्यासारखा वाटतो. म्हणून एलबीएस रोडवरच्या फरशीच्या दुकानातून तुकडे मागून आणले, कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट, आणि गच्चीत मांडून सगळ्यांवर तू ठेवून गेलेलं कोकमाचं आंबट आगळ ओतलं. कडप्प्यावर पांढरा डाग पडला तो पडलाच. कोट्याचंही तेच. काळ्या ग्रॅनाइटला काही झालं नाही, पण दुपारी हात ठेवला तर पोळला. "बाबा, ही गच्ची आहे की लॅब?" असं श्वेता म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तीच तव्यासारखा तापलाय का म्हणून काळ्या तुकड्याला बोट लावून बघत होती. आगळाची बाटली अर्धी झालीय. आता ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरड.

बांगडे कापलेलेच येतात अजून. श्वेता चांगलं करते गं, तक्रार नाही. पण जेवायला बसलो की सगळे खाली मान घालून ताट उरकतात. परवा सुयोगच म्हणाला, "बाबा, आई कधी येणार हो?" एवढा बाप्या माणूस, पण आवाज शाळेतला. मी म्हटलं, टेबल झालं की. आणि त्याला सांगितल्यापासून मलाच धास्ती बसली. टेबल झालं आणि तरीही तू आली नाहीस तर?

काल पुन्हा दुकानात गेलो. दुकानाचा मालक केतन वैतागलाच. म्हणाला, "काका, सगळे दगड तुमच्या घरी जाऊन आले. मला एकच सांगा, टेबल ठेवणार कुठे? उन्हात की सावलीत? त्याच्यावर सगळं आहे." मी म्हणणार होतो, गच्चीत, उन्हात. पण म्हणालो, "थांब, विचारून सांगतो." तसाच घरी आलो.

म्हणून हे पत्र. सुगंधा, टेबल कुठे ठेवायचं ते मला माहीत नाही. ते तू सांगायचंस. इथे येणार असशील तर ऊन आहे, मग फिक्या रंगाचा ग्रॅनाइट टाकतो. तो तापतो कमी, आणि आगळालाही दाद देत नाही. आणि तिथेच राहायचं तुझ्या मनात असेल, तर तसं सरळ लिही. मी मुद्दाम सगळा सांगाडा नटबोल्टवर केलाय, सुटा करून एसटीच्या टपावर चढवता येतो. तुमच्या मागल्या दारी सावली आहे, तिथे फणसाची फळी चालेल, ती तुझा भाऊ देईल. टेबलाबरोबर मीही येतो. म्हातारपणी सहदेव घरजावई झाला म्हणून वाडीतली माणसं दात काढतील. काढू देत. मी खुर्ची घेऊन तुझ्या समोर बसेन, तू मासे काप, मी मांजरं हाकलेन. बाकी काही लिहू नकोस, एका ओळीत कळव, ऊन की सावली. केतनला मी थांबवून ठेवलंय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला, म्हणजे बसवत नाही म्हणून गच्चीत फेऱ्या मारणारा,
तुझाच,
सहदेव