काळ्या रेतीचा किनारा

अकोट, मंगळवार, रात्र

आज पोरानं मोबाईलवर समुद्राच्या एका गावचे चार किनारे दाखवले. तिथं लोक फळीवर उभे राहून लाटेवर घसरतात म्हणे. "आई, सांग, कोणत्या किनाऱ्यावर खोली घेऊ?" मी म्हटलं, काळ्या रेतीचा घे. आमाले काळी जमीन दिसली की दुसरं काही दिसत नाही. सून फिदीफिदी हसली, "आत्याबाई, तिथं काय कापसाची पऱ्हाटी लावता?" मी बी हसली. मनातल्या मनात एक जुनं लुगडं बी काढून ठेवलं, भिजलं तरी चालते असं.

मंग कळलं, तिकिटं तिघांचीच हायेत. ते दोघं अन् नात. पोरगा म्हणे, "तू आली तं म्हैस कोण दोहीन? ते तुह्याशिवाय कोणाले हात लावू देते काय?"

खरं हाय. पण मंग मले इचारलं काहून?

सांजच्याला धारेले बसली तं म्हैस लगेच पान्हावली. वाटलं, द्यावी एक लाथ इले. मीच लाडावून ठेवली.

काळी रेती पायाले चिकटते काय, आपल्या मातीसारखी? ते परत आल्यावर त्यायले इचारलं असतं. पण खोली तं त्यायनं पांढऱ्या रेतीवर घेतली.