गप्प राहिलेल्यांचं उत्तर

५ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा दुखतोय तर जिना चढू नका, असं दहा वेळा सांगितलं. ऐकाल तर शपथ!

इथे माझी झोप उडाली आहे. ज्या लेखावर राज्यशास्त्र विभाग मला कायम करायला निघालाय, त्यातच चूक सापडली. सरकारवर किती विश्वास आहे, ते लोकांनी एक ते पाचमध्ये सांगायचं होतं. जे काहीच बोलले नाहीत, त्यांच्यापुढे खूण म्हणून नऊ लिहिलं. सरासरी काढताना ते नऊ वगळायला मी विसरले. म्हणजे तोंड न उघडणारेच सगळ्यांत समाधानी ठरले! आणि असे लोक गरीब वस्त्यांतच जास्त होते. गरीब वस्त्यांत विश्वास जास्त, हा माझा गाजलेला निष्कर्ष साफ उलटा पडतो. अजून कुणाला कळलेलं नाही. मुलाखत वीस तारखेला. संपादकांना आधी कळवू की नंतर?

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.
तुमची,
आकडेबाई

९ मार्च
चि. आकडेबाईस,
अ. आ.

गुडघा माझंच ऐकत नाही, तुझं कुठून ऐकणार!

पाच वर्षं कंत्राटावर काढलीस. हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस. आधी पद पदरात पाडून घे, दुरुस्त्या मागाहून कर. आईचंही हेच मत आहे.

जेवणाची आबाळ करू नये, ही आज्ञा.
तुझा,
बाबा

१० मार्च
चि. बाळास,
अ. आ.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माझंही तेच मत, असं यांनी लिहिलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी भाजी निवडत होते, गप्प होते, एवढंच. चाळीस वर्षं माझं गप्प राहणं होकारात धरलं जातंय. माणूस चांगलाच आहे, तक्रार नाही. पण तुझ्या त्या न बोललेल्या माणसांचं वाचून मला भडभडून आलं. मुलाखतीआधी कळव. पद गेलं तर चार दिवस इथे ये, दोघी मिळून रडू.

माया आहे तशीच आहे.
आई

२२ मार्च
ती. आईस,
सा. न. वि. वि.

फक्त तुझ्या नावाचं हे माझं पहिलंच पत्र, याची लाज वाटते. लेख मागे घेतला. मुलाखतीत विभागप्रमुखांनी तासभर फैलावर घेतलं. कायम केलं नाही, कंत्राट वर्षभर वाढवलं. रडले खूप, पण आता झोप लागते.

गप्प राहिलेल्यांकडे पुन्हा जायचं ठरवलंय. सुरुवात तुझ्यापासून. आई, तू सुखी आहेस का? आकड्यात नको, हवं तेवढं लिही. उत्तर आलं नाही तर जागा कोरी ठेवीन, आणि परत विचारीन.

बाबांना हे दाखवायचं की नाही, ते तू ठरव.
तुझी,
बाळ