बुजगावण्याला गिऱ्हाईक

३ जानेवारी

आई न्हाणीघरात पडली! हाड मोडलं नाही, पण कंबर चांगलीच सुजली आहे. शेजारणीने दार ढकलून पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर तशीच पडून राहिली असती. दादाने फोनवर फोन केले, मी मीटिंगमध्ये होते. म्हणाला, यापुढे तिला एकटीला ठेवून चालणार नाही, काहीतरी ठरवायला हवं. 'काहीतरी' म्हणताना दादाचा आवाज नेहमी खाली जातो.

खूप वाईट वाटलं. आणि लगेच, अगदी लगेच, बरंही वाटलं. हे इथेच लिहिते, कुणाला सांगण्यासारखं नाही.

४ जानेवारी

आई माझ्याकडे राहायला आली तर!

७ जानेवारी

दिवसभर पोहण्याच्या तलावाच्या वर्गणीचं काम. मी नक्की काय काम करते हे आईला अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, 'कंप्युटरवर असते.' काम सोपं आहे. लोकांसमोर पर्याय कसे मांडायचे हे आम्ही ठरवतो. तलाववाल्यांना वर्षाची वर्गणी खपवायची आहे. मग आम्ही तिच्या शेजारी आणखी एक उभी करतो – जवळजवळ तशीच, पण प्रत्येक बाबतीत थोडी डावी. सकाळी पोहता येणार नाही, कपाट मिळणार नाही, किंमत मात्र तेवढीच. ती कुणी घ्यावी म्हणून नसतेच. तिच्या शेजारी पहिली झकास दिसते, एवढंच तिचं काम. ऑफिसात आम्ही तिला बुजगावणं म्हणतो. पाखरांना आपल्याला हव्या त्या शेतात वळवायचं.

बॉसने पाठ थोपटली. म्हणाला, तुझ्यासारखं बुजगावणं कुणाला जमत नाही. घरी येताना लक्षात आलं, कौतुक म्हणून हे जरा विचित्रच आहे.

रात्रीचं जेवण फोनवरून मागवलं. 'या आठवड्यात सर्वांच्या आवडीचं' असं लिहिलेलं होतं ते. ही चिठ्ठी माझ्याच जातकुळीच्या कुणीतरी चिकटवलेली असणार हे मला पक्कं ठाऊक. तरी तेच मागवलं! सर्वांनी खाल्लेलं आपणही खाल्लं की सर्वांबरोबर बसल्यासारखं वाटतं. दिवसभरात तोंडाने बोललेलं शेवटचं वाक्य – 'दारात ठेवा.'

११ जानेवारी

दादाशी बोलले. तो आईला न्यायला तयार आहे. पण दोन खोल्या, दोन मुलं, आईला हॉलमधला दिवाण. वहिनी स्वभावाने चांगली आहे, त्यामुळे भांडणाचीही सोय नाही. दादा थांबला होता, मी काही बोलते का बघत. 'मी नेते तिला' एवढे तीन शब्द. माझ्या तोंडून निघालं, 'तिलाच ठरवू दे, तिचं आयुष्य आहे.' किती शहाणी!

घोडं कुठे अडतंय ते मला माहीत आहे. मी 'ये' म्हणाले आणि आई 'नको' म्हणाली, तर ते मला नको म्हटल्यासारखं होईल. तेच चार जागा समोर ठेवल्या आणि तिने दुसरी उचलली, तर ती नुसती जागेची निवड. त्यात माझा काही संबंध नाही. नवरा सोडून जाताना सरळ तोंडावर म्हणाला होता, तू नकोस. ते ऐकल्याला बरीच वर्षं झाली, पण तेव्हापासून मी कुणाला सरळ काही विचारलेलं नाही. दुकानातसुद्धा फळी न फळी बघत फिरते, पण विचारत नाही.

१२ जानेवारी

सुचलं. एक दादाचं घर, एक माझं घर. मध्ये एक बुजगावणं!

१५ जानेवारी

सापडलं. ज्येष्ठांचं निवास, माझ्याच शहरात, बसने अर्ध्या तासावर. बुजगावणं मूळ मालासारखं दिसायला हवं, तरच कामाचं. इथे माझ्या घरासारखंच सगळं आहे – लिफ्ट आहे, दवाखाना जवळ, खिडकीतून झाडं दिसतात. पण खोलीत दुसरी बाई, जेवण पंगतीत सगळ्यांबरोबर, दिवे ठरल्या वेळी बंद. आणि मुलगी नाही. प्रत्येक बाबतीत थोडं डावं. कोण घेईल!

१९ जानेवारी

आईकडे जाऊन आले. काठी घेऊन चालते, पण मला बघून काठी दाराआड ठेवली. चहा तिनेच केला, उठू दिलं नाही.

फोनवर तिन्ही दाखवलं. आधी दादाचं, मग निवास सगळ्या नियमांसकट, शेवटी माझं – शेवटचं बघितलेलं लक्षात राहतं. माझ्या घराचे फोटो सकाळच्या उन्हात काढले होते. मी म्हणाले, तिन्हीचा नीट विचार कर, कुठलंही चालेल, आमचा आग्रह नाही. माणसाला स्वतः निवडलं असं वाटलं की तो त्या गोष्टीला धरून राहतो, म्हणून हे फार आवश्यक असतं.

आई म्हणाली, 'तुम्ही दोघं म्हणाल तसं.' मी म्हणाले, नाही, तूच ठरव. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ते मधलं परत दाखव.

२ फेब्रुवारी

आई आली! चार दिवस राहणार. येताना तिला निवासात घेऊन गेले, कारण बुजगावणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय उपयोग नाही. खोली अंधारी होती, मला आनंद झाला. त्या खोलीतली बाई पूर्वी शिवणकाम करायची, डोळ्यांवर आता पडदा आलाय. आईला म्हणाली, जरा सुईत दोरा ओवून देता का? आईने ओवून दिला. मग ती म्हणाली, आता काळा. मग लाल. आई तिथेच खाटेवर बसली आणि ओवत राहिली. मला शेवटी म्हणावं लागलं, आई, चल, उशीर होतोय.

माझ्या घरी सगळं तयार ठेवलं होतं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी दिवा, चप्पल खाटेखाली उजव्या बाजूला. तिचा साबण आधीच आणलेला. वापरायला लागली की आपलं होतं. आई सगळीकडून हात फिरवून आली आणि म्हणाली, काही करायला ठेवलंच नाहीस. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

३ फेब्रुवारी

सकाळी आईने माझे केस विंचरले. लहानपणी ओढायची तशीच ओढते अजून. छान वाटलं. काही बोलले नाही, उगाच घाई दिसायला नको.

४ फेब्रुवारी

आज ऑफिसला जावंच लागलं. परत आले तर आई खिडकीशी बसलेली, दिवा न लावता. म्हणाली, दिवसभरात बेल एकदाच वाजली, तुझं पार्सल आलं होतं; मी त्याला पाणी हवंय का विचारलं तर तो बिचारा घाबरला. आम्ही दोघी हसलो. मग आईने विचारलं, तू रोज एकटीच जेवतेस? मी म्हटलं, हो, सवय आहे, बरं पडतं.

बरं पडतं! जीभ कशी झडली नाही माझी.

जेवण झाल्यावर ती भांडी पुसत बराच वेळ माझ्याजवळ उभी होती. मला वाटलं निवडीविषयी काही बोलेल. नाही बोलली. मीही विचारलं नाही. गिऱ्हाईक विचारात असताना मध्ये बोलायचं नसतं.

५ फेब्रुवारी

टॅक्सी बोलावून आईला परत तिच्या घरी सोडलं. निघताना तिने अंथरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन. आईने ठरवलं.

निवास.

१० फेब्रुवारी

झोप नाही. ऑफिसात तोंड धुऊन आरशात बघितलं तर डोळे सुजलेले. शेजारच्या टेबलावरचा आकडेमोड करणारा गृहस्थ म्हणाला, सर्दी का? सर्दीच म्हटलं. मग न राहवून गंमत म्हणून त्याला विचारलं, बुजगावणं कधी कुणी उचलतं का रे? तो म्हणाला, शंभरात एखादा उचलतो, अशा लोकांना आपण हिशेबात धरत नाही.

१६ फेब्रुवारी

आईला निवासात पोचवलं. दादा सामान लावून स्टेशनवर गेला, मी राहिले. आणि मग माझं डोकं फिरलं. तिने खिडकीच्या कठड्यावर बाबांचा फोटो ठेवला आणि म्हणाली, छान जागा शोधलीस हो. ते 'शोधलीस' ऐकलं आणि मनातलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, अगं आई, ही जागा तू घ्यावीस म्हणून दाखवलीच नव्हती! माझं घर चांगलं दिसावं म्हणून मध्ये ठेवली होती ती! ऑफिसात हेच करते मी! मग बुजगावणं काय, आधी काय दाखवायचं, उन्हातले फोटो, साबण, आग्रह नाही असं का म्हणायचं – सगळं सांगून टाकलं. ओरडूनच सांगितलं असणार, कारण दाराबाहेरून जाणारी पावलं थांबली होती.

आई फोटो पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, 'मला वाटलं, तुला माझी हीच सोय बघायची आहे. सगळ्यात जास्त माहिती तू याचीच दिली होतीस.'

पर्स उचलून निघून आले. बसमध्ये माझ्या समोरची बाई फोनवर कुणाला तरी भाजी काय करू विचारत होती. एवढं साधं विचारायला माणूस लागतं.

१७ फेब्रुवारी

दांडी काढून टाकावी का? राहू दे.

२५ फेब्रुवारी

तलाववाल्यांची वर्गणी धो धो खपते आहे. बॉसने सगळ्यांना केक दिला. मी घरी आणला आणि उभ्यानेच खाल्ला.

खिडकीशी ठेवलेली खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यावर बसत नाही. आज ऑफिसचे कपडे टाकले होते तिच्यावर, मग उचलले.

२ मार्च

निवासात गेले. आई कुणा आजारी बाईला भेटायला वरच्या मजल्यावर गेली होती. शिवणवाल्या बाई होत्या. टेबलावर ओवलेल्या सुयांची रांग, प्रत्येकीत वेगळा दोरा. म्हणाल्या, तुमच्या आई रोज सकाळी एवढं करून देतात, मग माझा दिवस निघतो. मला चेहऱ्याने ओळखलं नाही त्यांनी, आवाजावरून ओळखलं.

मग म्हणाल्या, 'रागावू नका, पण विचारते. तुम्ही त्यांना राहा का म्हणाला नाहीत?'

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे बरं झालं. त्या बोलत राहिल्या. आई त्यांना सांगत होती म्हणे, मुलीकडे चार दिवस होते. रोज वाटायचं, आज म्हणेल, राहा गं इथेच. नुसतं तोंडदेखलं म्हणाली असती तरी पडून राहिले असते. पण तिला एकटीने राहायची सवय झालीय, तिला बरं पडतं. तिच्या गळ्यात कशी पडू? शेवटी तिने टॅक्सी बोलावली.

आई यायच्या आत निघाले.

३ मार्च

भांडी पुसत जवळ उभी होती, तेव्हा ती निवडत नव्हती. वाट बघत होती! आणि मी, गिऱ्हाईक विचारात आहे म्हणून, तोंड मिटून.

आयुष्यभर लोकांचे हात कुठे वळतील ते ओळखत आले. आई समोर उभी होती, ते ओळखलं नाही. फार रडले आज. लिहिताना अजून रडते आहे.

५ मार्च

सरळ सांगायचं. ठरलं.

जेवणानंतर सांगावं का? पोट भरलं की माणूस नाही म्हणत नाही. आणि समोर नको, शेजारी बसून. आधी न्हाणीघरातली दांडी अजून आहे हे सहज –

नाही! यातलं काही नको. उठायचं आणि जायचं.

६ मार्च

गेले. आई बागेतल्या बाकावर होती. उभ्या उभ्याच सांगितलं, 'आई, मला एकटीला अजिबात करमत नाही. तू माझ्याकडे ये. मला तू हवी आहेस.' आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. बराच वेळ हात सोडला नाही. मग अगदी हळू, रागाने नाही, खरंच विचारावं तसं विचारलं, 'हे तू मनापासून बोलतेस ना? की हेही तुझ्या ऑफिसातलंच?'

मी 'मनापासून' म्हणायला तोंड उघडलं, आणि कुठल्या आवाजात म्हटलं तर तिला ते खरं वाटेल, याचा विचार करत राहिले.