आईच्या व्हायोलिनची फट

प्रिय डिंक्या,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. आईचं व्हायोलिन माझ्यासमोर दुकानातल्या टेबलावर पडलंय आणि तू त्याचं काय करून ठेवलंयस ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पंधरा दिवसांपूर्वी आई ते मांडीवर घेऊन बसने आली. एकटी. तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. उलट, त्याने चांगल्या मनाने केलं गं, असंच म्हणत राहिली. चांगल्या मनाने केलेली कामं निस्तरायला माझ्याकडेच येतात, हे तिला कोण सांगणार.

झालं होतं काय, तर वरची फळी आणि बाजूची कड यांच्यात नखभर फट पडली होती. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि फट पडते. पडायलाच हवी. वाद्यं जोडताना बाबा सरस, तो कातड्याचा गोंद, मुद्दाम पातळ का ठेवायचे हे मी तुला सांगायचं का आता? ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड फाटू नये, म्हणून. सुटलेल्या सांध्यात गरम सरस सोडायचा, क्लॅम्प लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. तू मात्र दोन नळ्यांतलं ते कधीच न सुटणारं इपॉक्सी कालवलंस आणि फट लिंपून टाकलीस. पुढे लाकूड आणखी आकसलं, सांधा काही सुटेना, तेव्हा फळीच फाटली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या शेजारून थेट खालपर्यंत.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण तुझं पोटच गोंद विकण्यावर चालतं. तू मला एकदा तुझ्याबरोबर गिऱ्हाइकांकडे फिरवलं होतंस, आठवतंय? बुटांच्या कारखान्यात तळ आणि वरचं चामडं, दोन्हीला गोंद लावून तो सुकेपर्यंत धीर धरायचा आणि मगच दाबायचं, हे तू तिथल्या मुकादमाला घसा कोरडा होईपर्यंत समजावत होतास. खोकी बनवणाऱ्याकडे यंत्राचा पट्टा थांबतच नव्हता, त्याला पापणी लवायच्या आत धरणारा गोंद हवा होता. बसच्या काचा बसवणाऱ्याला घट्ट धरणारा, पण खड्ड्यात गाडी आदळली की थोडा ताणला जाणारा. सरबताच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरायच्या असतात, म्हणून त्यांचं लेबल बर्फात टिकायला हवं आणि गरम पाण्यात मुकाट्याने सुटायला हवं. आणि ती इस्पितळाला पट्ट्या पुरवणारी बाई, तिला म्हाताऱ्यांच्या कातडीवरून न ओरबाडता निघणारा गोंद हवा होता. प्रत्येक ठिकाणी तुझा पहिला प्रश्न एकच. हे पुन्हा कधी उघडायचंय का? तो प्रश्न बाबांचा. शब्दही त्यांचेच, आणि मान तिरकी करून विचारायची लकबही त्यांचीच. गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले होते ना, ते डोळे भरून आले होते म्हणून. तुला वाटलं मी कंटाळले.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. जगाला विचारतोस तो प्रश्न तू घरात विचारला नाहीस, कारण विचारला असता तर उत्तर घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढावी लागली असती. आई तुला सांगत होती की ताईकडे टाक, ती बघेल. तुला ते नको होतं. बाबा गेल्यावर चार लोकांत तू त्यांच्या या दुकानाला भंगाराची खोली म्हणालास आणि मी तुला हाताला धरून बाहेर काढलं. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही, पुन्हा म्हणालास तर पुन्हा काढीन. पण भांडण आपलं होतं. त्यात आईचं व्हायोलिन कशाला ओढलंस? माझं तोंड बघायला लागू नये म्हणून तू तिच्या वाद्याच्या नरडीचा घोट घेतलास. हे लिहितानाही मी दात-ओठ खातेय.

तुला दिसत नसेल, म्हणून सांगते. तिची बोटं आखडायला लागली आहेत. डॉक्टरांनी वाजवणं सोडू नका म्हणून बजावलंय आणि तिच्याकडे वाजवायला काही नाही. मी दुकानातलं दुसरं देऊ केलं. तिने ते हनुवटीखाली धरलं, एक सूर काढला आणि परत पेटीत ठेवलं. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली वाजवतात आणि ही बोटांनी साडीचा काठ दाबत बसते. तुझ्याच घरात, पुढच्या खोलीत, तुझ्या डोळ्यांदेखत.

इपॉक्सी मी काढलं. कडेचं थोडं लाकूडही त्याच्याबरोबर गेलं. ते नवं बसवलं, फाटलेली फळी आतून जोडून घेतली, आता फक्त फळी परत बसवायची राहिली आहे. सरस लावला की तो गार व्हायच्या आत चहूबाजूंनी क्लॅम्प आवळावे लागतात, आणि बाबा होते तेव्हा मी कुंचला फिरवायचे, माझ्या मागोमाग तू आवळत यायचास. डिंक्या हे नाव तेव्हाच पडलं, कोपरापर्यंत बरबटायचास. एकटीने तुकड्यातुकड्याने करता येतं, गिऱ्हाइकांची मी तशीच करते. आईचं नाही करणार. याला हट्ट म्हण, काय हवं ते म्हण. रविवारी सकाळी सरस तापत ठेवते. तो उकळू द्यायचा नसतो, फार वेळ ठेवताही येत नाही, तेव्हा उशीर करू नकोस. बोलायची गरज नाही. फक्त क्लॅम्प आवळ, आणि बेताने आवळ, कारण कधी ना कधी ते पुन्हा उघडायचंय.

अजून रागातच, पण तुझीच,
ताई