गच्चीवरचं क्रुसाचं फूल

मी, केवळाबाई दगडोबा मुसळे, वय एकाहत्तर, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, असं लिहायची रीत आहे. मुलगा बालाजी आत्ताच दार आपटून खाली गेला. पाडव्याच्या आत गच्ची रिकामी कर, असं बजावून गेला. तरी लिहिते आहे ते माझ्या मनाचंच.

१. यजमानांनी घर माझ्या नावावर केलं होतं. खालच्या खोल्या, अंगण आणि बोअर बालाजीला. त्याला अट नाही.

२. गच्ची आणि बाहेरचा जिना सून वर्षाराणीला. तिथल्या ऑर्किडच्या कुंड्या, कात्री, नारळाच्या सालींचं पोतं, सगळं तिचं. बालाजीने वर जाताना तिला विचारावं.

कारण लिहून ठेवते. बालाजी उदगीरच्या दवाखान्यात सातव्या महिन्यात जन्मला. मी तापाने फणफणले होते. दीनाम्मा नावाच्या नर्सने त्याला स्वतःच्या छातीशी धरून जगवलं. घरी निघताना तिने याच ऑर्किडची मुळं फुटलेली एक कांडी ओल्या फडक्यात बांधून दिली. म्हणाली, "अक्का, याला माती नको. विटांचे तुकडे अन् कोळसा घाल, सकाळचं ऊन दे. दांडीवर पिल्लं येतील, ती तोडून लाव." तशीच लावत आले. शेंदरी फुलांचे झुपके येतात, मध्ये पिवळा ठिपका. घरच्या व्यंकटेशाला रोज तीच वाहिली. त्याच्याच नवसाचा हा बालाजी.

मधल्या पाकळीला क्रुसाचा आकार आहे, हे मला कधी दिसलंच नाही. गेल्या नवरात्रात नणंद चांगुणाबाईंनी ते दाखवलं, तेही आरतीला जमलेल्या बायकांसमोर.

बालाजी भडकला. "आई, क्रुसाचं फूल देवाला वाहायलीस! लोक तोंडावर हसायलेत."

"देवाला इतकी वर्षं चाललं. तुलाच कामून टोचायलंय?"

"ते रोप हाय तवर मी देवघरात पाय ठेवणार न्हाई."

दीनाम्माचं सगळं ठाऊक असून त्याने दोन कुंड्या जिन्यावरून खाली फेकल्या. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. वर्षाराणीने नवऱ्यादेखत तुटलेल्या कांड्या पदरात गोळा केल्या. त्या जगल्या.

३. चांगुणाबाईंना माझी नवी इरकली साडी. त्यांनी रोपाचं पिल्लू मागितलं तर वर्षाराणीने द्यावं, पण आधी जरा ताटकळत ठेवावं.

४. मी गेल्यावर माझ्या अंगावर हीच फुलं घालावीत, दुसरी नकोत. अग्नी द्यायचा हक्क बालाजीचा. मात्र त्याने ही फुलं काढून टाकली, तर मडकं वर्षाराणीने धरावं आणि अग्नीही तिनेच द्यावा. भावकीने मध्ये पडू नये.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावलं, तर त्यांच्यामागून बालाजीही वर आला. चौथं कलम वाचून त्याने त्यावर बोट ठेवलं. "आई, येवढं खोड की."

"मी न्हाई खोडत. त्या दिवशी फुलाला हात लावू नको, मंग ते खोडल्यासारखंच हाय."

तो अजून समोर उभा आहे. त्याच्यादेखत सही करते.

केवळाबाई दगडोबा मुसळे

साक्षीदार, दोघेही शेजारी:
मडिवाळप्पा शिवलिंगप्पा हलगे
सत्यशीला व्यंकट तेलंगे

अहमदपूर, १२ मार्च २०२५