तिखट कानाची गाडी

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्या खटपट्याचा सा. न. वि. वि.

आबा ठीक, मी ठीक, गाडीचं मात्र काही खरं नाही. फोनवर तू माझं पहिलंच वाक्य तोडतेस, म्हणून पत्र लिहितोय.

आधी आनंदाची बातमी. आबा माझ्या गाडीत बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या हातात स्टीअरिंग असेल तर पायी जाईन म्हणणारा. पण घाटावरचं तुझं नवं गॅरेज बघायची त्यांना फार ओढ आहे. त्यांनी अट घातली आहे की आधी महिनाभर गावातल्या गावात फिरवायचं, आणि माझ्या हाताचा भरवसा वाटला तरच घाट चढायचा.

आता रडगाणं. आपली म्हातारी गाडी मी टर्बो आणि नवा कॉम्प्युटर बसवून पार बदलून टाकली, हे तुला ठाऊक आहेच. एकटा असलो की ती उधळते. आबा बसले की वळण आलं, कुत्रं आडवं गेलं, की नेमकी तेव्हाच मरगळते, आणि इंजिनात खटखट झाली की लागणारा तांबडा दिवा लागतो. पेट्रोल बदललं, प्लग बदलले. शेवटी आबांच्या वजनाची सिमेंटची गोणी शेजारी बसवून, तिला पट्टा लावून गावभर फिरवली. गोणी असताना गाडी ठणठणीत. तेव्हा आबांची नजर लागते, असं माझं मत झालं आहे.

गंमत म्हणजे आबा खूश आहेत. पोराला आता कुठे गाडी कळायला लागली, असं ते समोरच्या शिंप्याला म्हणाले. ताई, ते माझ्याबद्दल काही बरं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी दाराआड उभा राहून दोनदा ऐकलं, कारण शिंप्याला कमी ऐकू येतं.

लोभ आहेच, उपायही कळवावा.

तुझा
खटपट्या

*

दि. ९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या हातातला पाना गळून पडला, तो पायावर. कॉम्प्युटरला नजर लागत नाही रे. सिमेंटची गोणी फिरवलीस तेव्हा शेजारपाजारचे काय म्हणाले, हे मात्र जरूर कळव.

नीट विचार कर. आबांना आहे आणि गोणीला नाही अशी गोष्ट कोणती? पाय. आबा पाय कसे ठेवतात ते बघ.

आणि खरं सांग, नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेला तो सेन्सर कुठे बसवलास? सेन्सर म्हणजे इंजिनाला लावलेला कान. आत पेट्रोल अवेळी पेटलं की खटखट होते, ती त्या कानाने ऐकायची, मग कॉम्प्युटरने ठिणगी जरा उशिरा टाकायची. खटखट थांबते, पण ताकद उतरते. कान भलतीकडे लावला तर तो भलतंच ऐकणार.

इकडे झाडलोट झाली, पाटी रंगवून झाली. आबा आल्याशिवाय लावणार नाही.

माया आहे तेवढीच आहे. पायाची सूज मात्र वाढते आहे.

तुझी
ताई

*

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू बोललीस तेच निघालं. इंजिनावर सेन्सरची जी जागा, तिथून आता टर्बोचा पाइप जातो. म्हणून मी तो इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यावर ठोकून दिला होता, वर त्याचा कान चांगला तिखट करून ठेवला होता. परवा रस्ता सोडून आबांचे पाय बघितले. वळण आलं की आबा उजवा पाय पुढे घालून पत्रा दणकन दाबतात. तिथे ब्रेक नाही, पण पाय ऐकत नाही. पत्र्याचा आवाज सेन्सर ऐकतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन खटखटलं, आणि गाडी मंदावते. म्हणजे आबा शेजारी बसून खरोखरच ब्रेक मारत आहेत. मला इतकं हसू आलं की दूधवाल्याची गाडी थोडक्यात वाचली.

पण ताई, हे असंच राहू दे ना. सेन्सर हलवला तर आबांच्या पायाखालचा ब्रेक जाईल, ते घाबरतील, आणि तुझ्याकडे येणं राहील. शिवाय शिंप्याला जे सांगितलं तेही परत घेतील. मला ते परत द्यायचं नाही.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत जा.

खटपट्या

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद, पण जरा कमी.

लाड पुरे. पत्र्यावरच्या कानाला आबांची चप्पल ऐकू येते, इंजिनाची खरी खटखट नाही. घाटात टर्बो जोर लावील, आत खरोखर खटखट होईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. पिस्टनला भोक पडून तू मधल्याच वळणावर उभा राहशील. ज्यांनी उतारूंना कधी वाटेत उतरवलं नाही, त्या आबांना तू उतरवणार का?

पाइप वळवून घे. सेन्सर थेट इंजिनावर, जागा घासून, मधे वायसरची चकती न घालता, मापात आवळून बसव. आबा यावेत असं मलाही फार वाटतं. माझ्या हातचं गॅरेज त्यांनी बघावं म्हणून मी दिवस मोजते आहे. पण धड गाडीतून यावेत.

काम झालं की कळव, मग उरलेले आशीर्वाद पाठवते.

ताई

*

दि. २ मार्च

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत उत्तम आहे.

मला तुमच्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण ब्रेक कळतो. मी दाबला की गाडी मंदावते, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं. मोकळ्या रस्त्यावर उगाच दाबून खात्रीही करून घेतली. कोणाला बोललो नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्या पायाचं कोणी ऐकत नव्हतं ग. बरं वाटायचं.

मागच्या आठवड्यात तुझा भाऊ दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. दुसऱ्या दिवशी मी दाबलं, तर काही नाही. मग जरा उशिराने गाडी मंदावली. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. हळूच बघितलं तर पोरगा माझ्या चपलेकडे बघून ॲक्सिलरेटरवरचा स्वतःचा पाय उचलत होता. मला कळू नये म्हणून तोंड अगदी साळसूद.

जीव भरून आला. पण त्याची नजर रस्त्यावर कमी आणि माझ्या पायावर जास्त. परवा एका घराचं फाटक थोडक्यात वाचलं. बोलून दाखवावं तर तो खट्टू होईल. तेव्हा कालपासून मी सीटवर मांडी घालून बसतो. गुडघे दुखतात का, असं त्याने विचारलं. दुमडले की बरं वाटतं, असं ठोकून दिलं. मी मांडी घातल्यापासून तो सुरेख चालवतो. हे त्याला सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल.

रविवारी निघतोय. अख्खा घाट मांडी घालून चढणार आहे, तेव्हा पायांना मुंग्या आलेल्या असतील. उतरवून घ्यायला दाराशी ये.

तुझा
आबा